अळी आणि देवाची सही

रोहिणखेड, ता. मोताळा
१२ सप्टेंबर २००५

ती. संजीवनीताईस,
धाकट्या भावाचा प्रभूमध्ये सलाम वि. वि.

गुडघा कसा आहे? निवृत्त नर्सबाई स्वतःच्या गोळ्या वेळेवर घेत नाहीत, हे आता सगळ्या देऊळघाटाला कळलं असेल.

इथे दिवस काळजीचे आहेत. आमच्या मंडळीतल्या सतरा घरांनी यंदा बीटी कापूस लावला. त्याला बोंडअळी लागत नाही, या भरवशावर कोणी फवारणी केली नाही. आता बोंड फोडलं की आत अळी. काल उपासनेत मी परमेश्वराच्या भयावर बोललो. आपण त्याला विसरलो म्हणून त्यानं हात उगारला आहे, असं सांगितलं. बायका रडल्या. बुधवारपासून तीन दिवसांचा उपास ठरवला आहे. पाळक होऊन मला अकरा वर्षं झाली, पण लोक इतके नम्र झालेले मी पाहिले नव्हते. तू येऊन चार शब्द बोललीस तर बरं होईल. इथे तुझा शब्द मानतात.

लोभ आहेच, त्याला गुडघ्यासारखं कुरकुरू देऊ नकोस.
तुझा प्रेम


देऊळघाट
१७ सप्टेंबर २००५

चि. प्रेम यास,
अनेक आशीर्वाद. माझा गुडघा दुखतो, जीभ दुखत नाही. तेव्हा शांतपणे वाच.

तुझ्या मंडळीतली सोजराबाई डोळे दाखवायला बुलढाण्याला आली होती, ती एक दिवस माझ्याकडे राहिली. बिचारी एकटी बाई चार एकर कसते आणि तुझ्या प्रवचनानंतर स्वतःची पापं शोधत बसली आहे. तिला एकही धड सापडेना. शेवटी म्हणाली की एकदा जावेला टाकून बोलले होते, त्याचंच हे असेल.

तिच्या वावराला लागून गुलाबरावांचं वावर आहे. त्यांनीही बीटीच लावलं, पण तालुक्याच्या दुकानातून आणलेलं. त्यांची बोंडं चांगली आहेत, असं ती सांगते. मध्ये फक्त हातभर धुऱ्याचा बांध. म्हणजे तुझ्या परमेश्वराचा कोप धुऱ्यापर्यंत येतो आणि पावती पाहून मागे फिरतो, असं समजायचं का?

तिनं आणखी एक सांगितलं. सतराही घरांचं बियाणं तुमच्या मंडळीतल्याच इंद्रभाननं आणलं होतं आणि जूनमध्ये उपासना संपल्यावर तू पुलपिटावरून म्हणाला होतास की हे देवानं आपल्यासाठी धाडलं आहे. तुझ्या पत्रात याचा उल्लेख नाही. जूनमध्ये बियाणं देवानं धाडलं, सप्टेंबरात अळीही त्यानंच धाडली. मग मधल्या काळात इंद्रभान काय करत होता?

बाबा आठवतात का? बहात्तरच्या दुष्काळात लोक त्यांच्याकडे आले होते, पाऊस कधी पडेल ते देवाला विचारून सांगा म्हणून. बाबा म्हणाले की मी प्रार्थना करतो, पण देवाच्या नावानं सही करणार नाही. त्याला म्हणतात भय. तू घालतोस तो धाक आहे, आणि तोही उसन्या काठीनं.

चार शब्द बोलायला बोलावलंस. ते हेच.
लोभ टिकवायचा असेल तर उलट टपाली खरं लिही.
ताई


रोहिणखेड
२४ सप्टेंबर २००५

ती. ताईस,
सलाम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दवाखान्यात रोग्यांना दटावायचीस तोच आवाज. भाऊजी गेल्यापासून तू चर्चची पायरी चढली नाहीस, आणि मला देवाचं भय शिकवतेस. लांब बसून बोट दाखवायला काही लागत नाही. सतरा घरं एकत्र ठेवायला काय लागतं, ते इथे येऊन बघ.

तरी खरं मागितलंस म्हणून लिहितो. पिशव्यांवर कंपनीचं नाव नव्हतं, ते मी जूनमध्येच पाहिलं होतं. जुलैत इंद्रभान स्वतः घरी आला. आपणही फसलो, पिशव्यांत जिनिंगच्या कारखान्यातली साधी सरकी भरली होती, असं म्हणाला. त्यानं मला गप्प राहायला सांगितलं. तो मंडळीचा कारभारी आहे, निम्मी घरं त्याच्या नात्यातली. मी गप्प राहिलो. तेव्हाच बोललो असतो तर लोकांनी फवारणी केली असती आणि बरंच वाचलं असतं.

मला देवाचं भय नाही म्हणतेस. मी कोणाकोणाला भितो ते मोजायला बसलो, तर इंद्रभान, त्याचे मेहुणे, चर्चचे वरचे साहेब, सोजराबाईचं तोंड, सगळे आधी आले. देव कितवा, ते लिहायची लाज वाटते.

उपास झाला. लहान पोरांनीसुद्धा केला.

लोभाचं काय करायचं ते तूच ठरव.
प्रेम


रोहिणखेड
५ ऑक्टोबर २००५

संजीवनीबाईले सोजराबाईचा सलाम.

पुतणीच्या हातून लिहून राह्यली. मी बोलतो तसंच लिही म्हनून तिले सांगतलं आहे.

रविवारी तुमचा भाऊ पुलपिटावर चढलाच नाही. खाली आमच्यात येऊन उभा राह्यला आन सारं सांगतलं. पिशव्याईचं, सरकीचं, जुलैपासून तोंड बंद ठेवल्याचं. म्हने, अळी देवानं नाही धाडली, मी देवाच्या नावाखाली लपलो होतो. मंग इंद्रभान उठला. त्याच्यामांगं नऊ घरं उठून गेली. जाता जाता एकानं म्हनलं की असा पाळक आमाले नको.

आमी आठ घरं बसून राह्यलो. पन आमी माफ केलं असं समजू नका. मी त्याईले इचारलं की पाळकसाहेब, आमी तीन दिवस उपाशी राह्यलो, माह्या पुतणीचं पोरगं चक्कर येऊन पडलं, थे कोन्या पापासाठी होतं? त्याईच्या डोळ्यात पानी आलं. मी म्हनलं, रडू नका, रडाले आमी आहो. तुमी सोमवारी वावरात या.

तं आले. आधी तालुक्याले जाऊन कृषी अधिकाऱ्याले अर्ज देऊन आले. अर्जात दोषी म्हनून पयलं नाव स्वतःचं लिहिलं, दुसरं इंद्रभानचं. अधिकारी चौकशी करतो म्हनला, पाहू. तवापासून रोज एकेका घरच्या वावरात अळीची बोंडं तोडून राह्यले. हात कामाचे नाहीत त्याईचे. बोंडं कमी न पानंच जास्त तोडते. मी दोन खेप बोलली, तरी आले.

मले राग अजून हाये. पन आज दुपारी भाकर खायाच्या टायमाले त्याईले प्रार्थना कराले सांगतलं, तं म्हने, तुमीच करा. मीच केली.

तुमी एकदा या. बोलनं तुमचं कडू हाये, पन मले बरं वाटते.
तुमची सोजरा


देऊळघाट
११ ऑक्टोबर २००५

चि. प्रेम यास,
आशीर्वाद लिहायला हात अडखळतो आहे, तरी लिहिते.

सोजराबाईचं पत्र आलं. तुझी थट्टा करायची म्हणून उत्तर लिहायला बसले, ते फाडून टाकलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. हे तिसरं.

सत्त्याऐंशी साली आमच्या वॉर्डात अन्नपूर्णाबाई नावाची बाई तापानं आली होती. तिला इंजेक्शन मी दिलं. औषध अंगाला सोसतं का ते पाहायला आधी थोडंसं टोचून टेस्ट घ्यायची असते. त्या दुपारी खाटा भरलेल्या होत्या, मी घेतली नाही. पाव तासात बाई गेली. कागदावर तापानं गेली असं लिहिलं गेलं. ते अक्षर माझं आहे. तुझ्या भाऊजींनाही मी कधी सांगितलं नाही.

तिचा मुलगा हिंमतराव इथे बाजारात भाजी विकतो. मला मावशी म्हणतो आणि कोथिंबीर वर टाकतो. आईचा विषय निघाला की म्हणतो, देवाची मर्जी होती. मी मान डोलावते. अठरा वर्षं मी त्या देवाला माझ्या जागी उभं केलं आहे, आणि तुला काठी उसनी म्हणाले. चर्चची पायरी सोडली ती तुझे भाऊजी गेल्याच्या दुःखानं, असं सगळे समजतात. मीही तसंच समजू दिलं.

उद्या सकाळी बाजार भरायच्या आधी त्याच्या घरी जाणार आहे. तो शिव्या देईल, हाकलून देईल, पोलिसांत जाईल. ते त्यानं ठरवायचं. मला भीती त्याची वाटत नाही. कोणाची वाटते ते तुला सांगायला नको.

हे पत्र तुला मिळेल तोवर मी जाऊन आलेली असेन. माझ्यासाठी प्रार्थना कर. तुझ्याकडून होत नसेल तर सोजराबाईला सांग.

लोभ असावा, हे आजवर सवयीनं लिहीत आले. आज मागते आहे.
ताई