एकेक पदार्थ देऊन

प्रिय डॉक्टर,

तुमचं राजीनाम्याचं भाषण वर्तमानपत्रात दोनदा वाचलं. परक्या सरकारला भर सभागृहात त्याच्या रोगाचं नाव सांगितलंत, ऊर भरून आला. आमदारकी मात्र तुमच्या सर्दीसारखी निघाली, आली काय नि गेली काय! आता वॉरंट निघालंय, आणि तुम्ही चोरून एकदा घरी येणार, असं वकिलांनी मला एकटीला सांगितलं. त्याबद्दलच लिहितेय.

तुम्ही मला संशयी म्हणता. असेन. पण मागच्या आठवड्यात तुम्ही ज्या घरी उतरणार होतात, तिथे पोलीस तुमच्या आधी हजर होते. तो पत्ता फक्त आपल्या घरात बोलला गेला होता, म्हणजे आपल्या घरातलं बाहेर जातंय.

आधी मला त्या खोकणाऱ्या पेशंटचा संशय आला. दवाखाना बंद, तरी बाकावर येऊन बसतो आणि मी पडदा सरकवला की खोकतो. मग घरमालकाचा. जन्मात कुणाला कसे आहात न विचारणारा माणूस अचानक तुमची चौकशी करायला लागला.

शेवटी तुमचीच रीत वापरली. पोट बिघडलं की तुम्ही एकेक पदार्थ देऊन बघता, मी एकेकाला एकेक थाप दिली. खोकणाऱ्याला सांगितलं, डॉक्टर सोमवारी येताहेत. सोमवारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. घरमालकाला बुधवार सांगितला, तर तो बिचारा तुमच्यासाठी आपलं मागचं दार उघडं ठेवून बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवार फक्त माझ्या भावाला सांगितला, तोही त्याचं नाव संशयितांतून खोडून टाकावं म्हणून. आई गेल्यावर मी त्याला कडेवर वाढवलं, तुम्ही त्याला औषधं मिसळायला शिकवलंत. तुमच्या खुर्चीत तो अजून बसत नाही. शनिवारी उजाडताना पुढच्या-मागच्या दोन्ही दारांशी पोलीस होते.

त्याने असं का केलं, ठाऊक नाही. विचारायचा धीर होत नाही, डॉक्टर. आज जेवताना त्याने पुन्हा विचारलं, भाऊजी कधी येणार? मी रविवार सांगितला आणि त्याला आणखी भात वाढला.

मी कळवेपर्यंत घरी येऊ नका. वकिलांकडे पत्र न्यायला नेहमी तोच जातो, आताही दाराशी चपला घालून उभा आहे. त्याच्या हाती दुसरं पत्र देतेय, नुसत्या खुशालीचं. हे घरमालक नेतील. सही दोन्हींवर एकच आहे, पण खरं हे माना.

तुमचीच,
संशयी