मामाची प्रार्थना

दादा,

काल तू प्रार्थना म्हणायला लागलास, तेव्हा रडू आवरेना म्हणून मी तुला वॉर्डातून घालवलं. आज सकाळी ऑपरेशनला नेताना तुझ्या भाचीने पलंगाची दांडी घट्ट धरली. "मामाची प्रार्थना म्हटल्याशिवाय मी येणार नाही." सिस्टर घाई करतील असं वाटलं, पण त्या म्हणाल्या, "म्हणा ना ताई, थांबतो आम्ही."

देव न मानणारी मी, आईने लहानपणी शिकवलेलं आठवत सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला अडखळले. "अगं आई, चुकलीस!" म्हणत पुढची ओळ तिनेच सांगितली. माझी फजिती बघून तिला हसू फुटलं आणि दांडी सुटली.

हृदयाचं छिद्र बुजवलंय. आता ती शांत झोपली आहे. देव मला अजून भेटलेला नाही. हे पत्र पाठवलं तर "बघ, मी म्हणत होतो ना!" असं म्हणशील, आणि ते ऐकायचं त्राण आज नाही. म्हणून फोनवर एवढंच सांगेन, की ये, तिच्याजवळ बस, काय म्हणायचं ते म्हण. मला जरा पडायचंय.

तुझी,
दमलेली धाकटी