आम्ही न मागितलेली माफी

वाईओला,
गुरुवार, १९ जून १९२४

चि. माताइओ यास,

इकडे सगळे बरे आहेत. नीरफणस यंदा उशिरा धरला, पण भरपूर धरला. लेपेका आत्याचा गुडघा पुन्हा सुजलाय. तरी प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी तीच हजर असते. तू आपियाला हेडक्लार्क झालास, पत्र्याच्या छपराचं सरकारी घर मिळालं, हेही कळलं. अभिनंदन लिहायला कागद घेतला होता. दोन दिवस तो तसाच पडून राहिला.

विलायतेच्या राजेसाहेबांचं उत्तर आलं. तुला माहीत असेलच म्हणा, तुझ्याच कचेरीतून आलं. सोबत गावाने बाबांसाठी केलेल्या अर्जाची इंग्रजी नक्कल होती. पाळकांनी सभेत उभं राहून आपल्या भाषेत वाचलं: गावाने मागितलेली माफी महाराजांनी कृपाळूपणे स्वीकारली आहे, आणि गुन्हा गावानेच कबूल केल्यामुळे गावाच्या वक्त्याची, म्हणजे आपल्या बाबांची, हद्दपारी कायम राहील.

सेमिसी काकांनी प्यायला उचललेली आवाच्या मुळांच्या पेयाची वाटी तशीच राहिली. "माफी? कुणाच्या बापानं मागितली होती माफी? आपण तर बाबाला परत मागितलं होतं!"

मीच मग मध्ये पडले. म्हटलं, काका, अर्ज तोंडी सांगताना तुम्ही सुरुवातीला जे बोललात त्याने घोटाळा झाला असेल. मोठ्यांपुढे तोंड उघडायचं तर आपण आधी स्वतःला केरकचरा म्हणतो, चुकलंमाकलं पोटात घाला म्हणतो. आपल्यात त्याला गुन्हा कबूल करणं म्हणत नाहीत, बोलायला सुरुवात करणं म्हणतात. गोऱ्या साहेबाला हे कुठून कळणार? लोक हसलेसुद्धा. काका म्हणाले, "म्हणजे पुढच्या वेळी शिव्या देऊन सुरुवात करू!"

मग पाळकांनी नकलेचं दुसरं पान वाचलं.

गावाच्या बैठकीच्या हिरवळीतून सडक काढू नका, हे त्यात नव्हतं. नाही म्हटलं एवढ्याच कारणावरून बाबांना चौकशीशिवाय सवाईई बेटावर धाडलं, तेही नव्हतं. होतं ते असं: "आमच्या वक्त्याने आम्हांला भडकवले. त्याला झालेली शिक्षा योग्य आहे." खाली त्रेसष्ट जणांचे अंगठे. माताइओ, हे वाक्य कोणत्या सभेत, कोण बोललं रे? काका ज्या आवाजात बोलत होते तो सगळा गाव ऐकत होता, आणि तू समोर मांडी घालून ते इंग्रजीत लिहीत होतास.

आता कुणी हसलं नाही. लेपेका आत्या एवढंच म्हणाली, "कुंपणानंच शेत खाल्लं गं, पोरी." मला तिच्याकडे बघवेना. अजून बघवत नाही, आणि ते फक्त तुझ्यामुळे नाही.

तुला आठवत असेल. अंगठे घ्यायच्या आधी कागद माझ्या हातात होता. मिशनच्या शाळेत तुझी पाटी मीच धरायची. इंग्रजी मलाही येतं, हे गाव विसरलं असलं तरी तू विसरला नव्हतास. पहिलं पान मी वाचलं. "आम्ही चुकलो, आम्हांला पश्चात्ताप होतो." मी विचारलं, हे एवढं ठाम कशाला? तू हसून म्हणालास, "ताई, राजाला लिहायची रीत आहे ती. तू नको काळजी करू." दुसरं पान उलटायला बोट लावलं होतं मी. भावावर अविश्वास दाखवायचा कसा, म्हणून नाही उलटलं. काकांनी विचारलं, "बरोबर आहे ना गं?" मी म्हटलं, बरोबर आहे. माझ्या त्या एका शब्दावर त्रेसष्ट अंगठे उठले.

हे मी गावाला अजून सांगितलेलं नाही. शनिवारी सांगणार आहे. माफी मागायच्या आपल्या रीतीप्रमाणे उजाडताच डोक्यावर बारीक विणीची चटई घेऊन काकांच्या घरासमोर बसेन. माफ करून ते चटई उचलतील तेव्हा उठेन.

साहेबाने तुला घर देऊन लिहायला लावलं, की लिहिलंस म्हणून घर मिळालं, मी विचारत नाही. मला राग आहे. इतका राग मला कुणाचा आला नव्हता. बाबा तिकडे परक्यांच्या ओसरीवर बसून वाट बघतायत. लिहितात, "माताइओनं लिहिलंय म्हणजे काम होणारच." त्यांना काय कळवू?

नवा अर्ज मी केलाय, माझ्या मोडक्या इंग्रजीत. पाळकांनी चौकशी केली: पहिलं भाषांतर खोटं होतं असं भाषांतर करणाऱ्यानेच लिहून दिल्याशिवाय तो पुढे जाणार नाही. म्हणजे तुझी सही. तिने तुझी नोकरी जाईल, घर जाईल, कदाचित तुरुंगही होईल. सगळं समजून मागते आहे.

आपल्यात बहिणीचा शाप भावाच्या पोराबाळांना भोवतो, म्हणून तू घाबरून पाकीट फोडलं असशील. शाप देणार नाही मी. भीतीने केलेली सही मला नको. भीतीने लिहिलेला एक कागद पुरे झाला.

शनिवारी ये. चटई दोघांना पुरेल एवढी रुंद आहे. "आम्ही चुकलो" हे तू लिहिलंस ना, ते गावाबद्दल खोटं होतं. आपल्या दोघांबद्दल खरं आहे.

नाही आलास, तर हे पत्र परत पाठव. बाबांना पाठवायला तेवढंच उत्तर असेल माझ्यापाशी.

तुझी बहीण,
साला