पिठीचं अंथरूण

वडनेर भोलजी,
२२ नोव्हेंबर २०२४

चि. छायास,
अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. नाशकात थंडी पडली असेल, लेकरांना जप. अक्षर वाकडं आहे. पन्नाशीनंतर नातवाच्या पुस्तकावरून शिकले, तेव्हा समजून घे.

फोनवर तू विचारलंस, आईची मांजर पिठी माझ्या घरी रुळली का. मी हो म्हणाले. ते खरं नव्हतं.

तुझी आई गेल्यावर मी पिठीला पोत्यात घालून आणली. वाट ध्यानात राहू नये म्हणून आपल्याकडे मांजर फिरवून आणतात, तशा गावाला तीन फेऱ्या मारल्या. माझं घर तुमच्यापासून चौथं. पारावरून रंगराव म्हणाले, "काकू, मांजर नेऊन राह्यल्या का मतं मागून राह्यल्या?" सगळे हसले. घरी पोतं सोडलं, दूध ठेवलं. मी घाम पुसेपर्यंत पिठी परत तुमच्या ओट्यावर.

महिनाभर हेच. दोन वेळा दूध-भाकर घेऊन मी तिथे जायची. ती कुलपाकडे तोंड करून बसलेली. तेरा वर्षांचं जनावर, दात पडलेले, खाणं निम्म्यावर आलं. आणि एक तारखेला तुझे भाडेकरू येणार, त्यांच्याकडे कुत्रा.

आईचं जांभळं पातळही तू विचारलं होतंस. मला ठाऊक नाही म्हणाले. ते माझ्या पेटीत होतं.

मयताचं अंथरूण-कपडे नाल्याकडे टाकायला माणसं निघाली, तेव्हा गाठोड्यातून मी ते ओढून घेतलं. पिठीसाठी नाही, छाया. माझ्यासाठी. आमचे हे गेले तेव्हाही रीतीप्रमाणे सगळं टाकलं होतं. आठ दिवसांनी मी तुझ्या आईला विचारलं, त्यांची एखादी बंडी राहिली का गं? एकही राहिली नव्हती. मग मी आणि कौशल्या, दोघी बसून रडलो.

म्हणून या वेळी ठेवून घेतलं. रोज पेटी उघडून वास घ्यायची. पिठीला त्यावर निजवलं तर ती घरात राहील, हे मला पहिल्या आठवड्यातच सुचलं होतं. पण तिच्या अंगाखाली वास जाणार, हेही कळत होतं. म्हणून महिनाभर तिला बाहेर बसू दिलं.

सोमवारी तिने दूध हुंगलंही नाही. तेव्हा पातळ काढलं, चौपदरी घडी करून चुलीजवळ टाकलं, आणि तिला कडेवर घेऊन आले. तिने ते पायांनी किती तरी वेळ तुडवलं. मग वेटोळं करून झोपली. तेव्हापासून ओट्याकडे गेली नाही. खाते.

पातळाला आता केस चिकटलेत, नखांनी धागे निघालेत. तुझ्या आईचा वास मला येत नाही. पिठीला येत असावा. त्यावर पहिला हक्क तुझा होता आणि मी विचारलं नाही. आता ते परत देता येणार नाही. राग आला असेल तर इथे येऊन बोल, फोनवर नको.

कौशल्या शेवटी मला एवढंच म्हणाली होती, "सिंधू व, पिठीले पाह्यजो."

पाहते आहे. उशिरा पाहिलं.

तुझा भरवसा मोडणारी, तरी तुझीच,
सिंधूमावशी