पिलाकच्या महाद्वारावरची देवाक्षरं

प्रिय पशाईदादा,

तुझं पत्र मिळाल्याला तीन महिने होतील. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'देवळाच्या भिंतींवरचे ते पक्षी आणि साप आता कोण वाचणार? बाबांना सांग, ती लिपी मेली,' हे वाक्यही गाळलं नाही. बाबा अंगणात खजूर खात बसले होते. म्हणाले, "मेली? मग मला कसं कुणी कळवलं नाही?" आणि बी थुंकून स्वतःशीच हसले.

हे पत्र मी तुमच्या नव्या अक्षरांत लिहितेय, बघितलंस ना? नदीच्या पल्याडच्या काठावरच्या मठाजवळ एक म्हातारी राहते, तिने शिकवली. ग्रीकांची अक्षरं, बोली आपली. पण गंमत म्हणजे ग्रीकांना 'श' म्हणताच येत नाही, म्हणून तुझं नाव लिहायला आपल्याच घरचं अक्षर घ्यावं लागलं! तळ्यातल्या कमळांचं ते चित्र, हजारो हातांखाली झिजत झिजत तीन दांड्यांचं झालेलं. तिथे अलेक्झांड्रियात बसून तू रोज धर्मपोथ्या उतरवतोस, म्हणजे रोज ती कमळं काढतोस. मेलेल्या लिपीने बरीच मजल मारली म्हणायची.

आता खरी बातमी. खोइआक महिन्यात, ओसिरिसच्या उत्सवाला, दक्षिणेकडचे नूबियाचे लोक नेहमीप्रमाणे आपल्या पिलाक बेटावर ईसिसमातेच्या दर्शनाला आले. त्यांचा सरदार वारला होता. त्याचा थोरला भाऊ तबोल, दोन्ही गालांवर गोंदलेला उंच म्हातारा, आपल्या इथल्या पुजाऱ्यांना म्हणाला, "माझ्या भावासाठी महाद्वारावर प्रार्थना कोरून द्या. देवाच्या अक्षरांत." पुजारी एकमेकांकडे बघू लागले. देवाक्षरं लिहिणारे एकटे बाबा, आणि बाबांचा उजवा हात दोन वर्षं असा कापत होता की बिअरचा पेलासुद्धा डाव्या हाताने धरावा लागे. पाथरवट वोन्नोफ्रेचा हात पक्का आहे, पण त्याला वाचता येत नाही. मागे त्याने एका ओळीत घुबड उलट्या तोंडाचं बसवलं होतं. बाबा आठवडाभर त्याला चिडवत होते, "सगळी ओळ देवाकडे निघालीय आणि तुझं घुबड घरी परत चाललंय."

थोरल्या पुजाऱ्यांनी तोडगा काढला. साध्या, रोजच्या लिपीत शाईने लिहू, तीही आपलीच. तबोल उभाच राहिला. म्हणाला, "नऊ दिवस वाळवंट तुडवून आलो, ते चिठ्ठीसाठी नाही."

तेव्हा मी पुढे झाले. दादा, तुला आठवत असेल, बाबा तुला शिकवायचे तेव्हा मी शेजारी बसून लाल रंग वाटायचे. तू घार आणि गिधाड यांची गल्लत करायचास आणि बाबा वैतागायचे. मी कधी केली नाही, पण मला विचारलं कुणी होतं? बारा वर्षं मी रंग वाटत होते आणि धूळ पडलेल्या फरशीवर बोटाने गिरवत होते. मी म्हटलं, "मी लिहिते." थोरले पुजारी म्हणाले, "पेतहोर, आवर तुझ्या पोरीला. महाद्वारावर बाईचा हात?" बाबांनी फरशीवरच्या धुळीकडे बोट केलं. म्हणाले, "गिधाड काढ." मी फरशीवर काढलं. "घार." काढली. "आता ओसिरिसचं नाव." सिंहासन, डोळा, बसलेला देव. बाबा पुजाऱ्यांना म्हणाले, "या द्वारावर देवी बसलीय. तिला बाईचा हात चालेल की नाही, हे तुम्ही तिलाच विचारून या. तोवर आम्ही कामाला लागतो."

एकोणीस दिवस लागले. मी लाल रंगाने आखायचे, वोन्नोफ्रेने छिन्नी कशी धरायची ते दाखवलं, पुढचं मीच कोरलं. बाबा खाली चौरंगावर. मठातले जोगी होडीतून जाताना ओरडायचे, "काय गं, आज किती बगळे पाळलेस?" बाबा उलट ओरडायचे, "तुमच्या पोथीतला 'श' परत द्या, मग बोला!" उन्हं चढली की बाबा मला गोष्ट सांगायचे. पूर ओसरल्यावर ओल्या गाळावर आयबिस पक्ष्याची पावलं उमटली होती. ती बघून कुणा पहिल्या माणसाला सुचलं की, जो इथून गेला तो काहीतरी मागे ठेवून गेलाय. राजे फार नंतर आले, देवळं त्याहून नंतर. ती गोष्ट खरी की बाबांची, ठाऊक नाही.

शेवटच्या दिवशी तबोल आला. त्याला वाचता येत नाही. त्याने माझं बोट धरलं आणि म्हणाला, "लेकी, माझा भाऊ कुठाय ते दाखव." मी एकेका चिन्हावर त्याचं बोट ठेवत नाव म्हटलं. त्याने दगडाला कपाळ टेकवलं. मग थोरल्या पुजाऱ्यांकडे वळून म्हणाला, "या घरात अजून लिहिणारं माणूस आहे. पुढच्या वर्षी आम्ही परत येऊ." दादा, बाबांची मान एवढी ताठ मी जन्मात पाहिली नव्हती. येईल त्याला सांगत सुटले, "माझ्या पोरीने लिहिलंय. एक पक्षीसुद्धा चुकला नाही."

ते गेले, दादा. मागच्या महिन्यात, सकाळी, दाराशी बसल्या बसल्या. त्रास झाला नाही. जाण्याआधी चार दिवस मला म्हणाले, "प्रार्थनेखाली आपली नावं कोर. माझं, तुझं आणि पशाईचं." मी म्हटलं, "बाबा, त्याने ते नाव टाकलंय. तो आता योहान्नेस आहे." ते म्हणाले, "पोराने टाकलेलं बापाने उचलून ठेवायचं असतं." म्हणून मी ते कोरलं, तुला न विचारता, बाबांच्या नावाला अगदी लागून. तुझ्या नव्या देवाला ते खपत नसेल तर येऊन खरवडून टाक, मी आडवी येणार नाही. पण माणूस पाठवून भागायचं नाही, तुला स्वतःलाच यावं लागेल. एवढ्या मोठ्या भिंतीवर तुझं नाव कोणतं, हे वाचू शकणारे आता जगात आपण दोघंच उरलोय.

वाट बघणारी, तुझीच
तशेनिसे
ईसिसमातेच्या लेखनगृहाची लेखिका