काट्यावर चढलेली कोबी

अंबड, नाशिक
७ जानेवारी २००५

तीर्थरूप गोटीराममामा,

तुम्हाला आणि मामींना नमस्कार. तुमचा खोकला आणि मामींचा गुडघा कसा आहे? आई बरी आहे. फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणून ठेवून देता आणि सांगायचे ते राहते.

माझी नोकरी येत्या गुरुवारपर्यंत आहे. त्याचे असे झाले. एका भाजीबाजारासाठी (नाव लिहीत नाही, तुम्ही तिथेच जाता) आम्ही प्रोग्रॅम केला. काट्यावर माल ठेवला की वजनाची चिठ्ठी आपोआप छापायची आणि लगेच लिलाव. आता तपासायला दर वेळी बाजारात कोण जाणार? मी कॉम्प्युटरमध्येच एक सोंगाचा काटा केला. आमच्यात त्याला मॉक म्हणतात. काहीही विचारा, तो पन्नास किलो सांगतो. शेतकरी म्हणून तुमचे नाव घातले, माल कोबी. (तुम्ही तक्रार करीत नाही, म्हणून.) दोनशे चाचण्या चार सेकंदांत पास झाल्या. मी चहाला गेलो.

आमच्याकडे चाचण्यांचे काम मंजुषा बोरस्ते बघते. (वडिलांची फुलशेती आहे. हे नुसते सांगून ठेवतो.) ती म्हणाली, "एकदा गेटपासून चिठ्ठीपर्यंत खरा माल नेऊन बघा." मी म्हणालो, अर्धा दिवस जाईल. "मग बुजगावण्याला विचारूनच पेरणी करा," असे म्हणून ती जागेवर गेली.

उद्घाटनाच्या सकाळी खऱ्या काट्याची पूजा झाली. पूजा मी हिशेबात धरलीच नव्हती. सोंगाच्या काट्याला कोणी हळदकुंकू लावत नाही. वजन दाखवणारी पाटी उंचावर होती, म्हणून तिला हार घालायला सभापती काट्यावर चढले. आकडा स्थिरावला आणि चिठ्ठी बाहेर आली: गोटीराम, मखमलाबाद, कोबी, चौऱ्याऐंशी किलो. तुमचे नाव काढायचे राहिले होते. लिलाव पुकारणाऱ्याने सवयीने चिठ्ठी वाचली, सवयीनेच पुकारा केला, आणि व्यापारी तर बोलीसाठीच उभे होते. तिघांनी बोली लावली. सभापती अजून हाराची गाठ मारत होते. समोर मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या कुसाबाई म्हणाल्या, "कोबी लय जुनी हे, बाबा. वरचा पाला काढून मोजा." सभापतींनी कोट सावरला. सगळा बाजार हसला. आमचे साहेब हसले नाहीत.

आता गुरुवारी पुन्हा चाचणी. खरा शेतकरी, खरा माल, खरा काटा, गेटपासून चिठ्ठीपर्यंत. त्यात चूक निघाली तर शुक्रवारपासून मी तुमच्याकडे खुरपायला येईन.

बाकी क्षेम. थंडी आहे, पहाटे पाणी भरायला जाताना कानाला मफलर बांधत जा.

तुमचा भाचा,
अमोल

ता. क. गुरुवारी सकाळी सात वाजता टेम्पो भरून कोबी आणा. नाव घालायला वेळ लागणार नाही. ते अजून तिथेच आहे.

ता. क. पुन्हा. मामींनाही आणा. चिठ्ठी बरोबर निघाली की तिथेच मी मंजुषाला लग्नाचे विचारणार आहे. (आईला एवढ्यात सांगू नका.) काळजीचे कारण नाही. शेजारच्या टेबलावरच्या सोमाला मंजुषा करून मी सत्तावीस वेळा विचारून पाहिले आहे. प्रत्येक वेळी तो हो म्हणाला.