फ्रीजमधली गार

प्रिय ठमाबाई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण आई त्यांच्याहून जास्त कुरकुरते, तेव्हा फिट्टंफाट. बातमी वेगळीच आहे: आपल्या फ्रीजला प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे.

त्याचं असं झालं. हवामान खात्यातल्या एक बाई जुन्या भयंकर वादळांचा इतिहास गोळा करत हिंडताहेत, त्या आपल्या लहानपणच्या गारपिटीपाशी येऊन अडल्या. गार केवढी होती, हे कोणी धड सांगेना. पोस्टमन म्हणाला लिंबाएवढी, शिंपीण म्हणाली चेंडूएवढी आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे तिचं कलिंगड झालं. आमच्या न्यायशास्त्रात या तुलनेने होणाऱ्या ज्ञानाला उपमान म्हणतात; बाईंना हवं होतं प्रत्यक्ष. शेवटी कुणीतरी म्हणालं, काचवाल्यांच्या घरी, म्हणजे आपल्याकडे, अजून एक आहे की!

बर्फाच्या कप्प्यातला बाबांचा तो डबा उघडला तेव्हा बाईंनी आधी मोजपट्टी काढली. ठेवली तेव्हा गार मुठीत मावत नव्हती, आता लिंबाएवढी उरलीय. बंद डब्यातही बर्फ न वितळता झिजतो म्हणे. म्हणजे पोस्टमन आज ना उद्या खरा ठरणारच होता. बाई म्हणाल्या, पातळ चकती कापून उजेडापुढे धरली की आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, ढगात ती कशी वाढत गेली ते कळतं. मला कुठला धीर! मी सुरी शोधायला उठलो, तर आई आतून कडाडली, ‘हात लावशील तर बघ. ती काय तुझी आहे? धाकटीची आहे ती!’

मी चाटच पडलो. आपल्याला ठाऊक असलेली कथा काय? बाबा डोक्यावर पातेलं घेऊन त्या गारांत बाहेर पडले, कपाळ फोडून आले, आणि कोणी विचारलं की म्हणायचे, ‘धंद्याचा अंदाज घ्यायला गेलो होतो.’ गावभर काचा फुटलेल्या आणि काचा बसवणारे एकटे बाबा. लोक पोट धरून हसायचे. तू मात्र कधी हसली नाहीस. ‘मी तापाने फणफणत होते आणि बाबा फुटक्या खिडक्या मोजत होते,’ हे तुझं वाक्य मला पाठ आहे. बाबांच्या शेवटच्या आजारातही तू उशाशी बसायचीस ती दाराकडे तोंड करून.

आई म्हणाली, ‘त्या दिवशी घरातला बर्फ संपला होता आणि पोरीचा ताप उतरेना. मग पातेलं काय हौसेने घेतलं होतं डोक्यावर? अंगणातल्या गारा वेचून आणल्या, अंगावरच्या टॉवेलात गुंडाळून तिच्या कपाळावर धरून बसले. त्यांच्या कपाळाचं रक्त मी पुसलं. ताप उतरला तेव्हा ही एक उरली.’ मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणते, ‘मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. आणि त्यांना विचारलं तर ते विनोदच करायचे.’

आता आठव. त्या तापातलं तुला एकच आठवतं, तूच सांगायचीस: कपाळावर गार फडकं आणि त्याला जवसाच्या तेलाचा वास. आपण समजत होतो, आईचा हात. पण काच पक्की करायची लांबी, म्हणजे पुट्टी, जवसाच्या तेलात मळतात, आणि तो वास आपल्या घरात एकाच माणसाच्या टॉवेलाला यायचा.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू ‘बरं’ म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून हा पत्रप्रपंच. बाईंना एक चकती पुरते, पण कापायची की नाही ते तू ठरवायचंस, आणि इथे येऊन. गार वाट बघते आहे आणि झिजते आहे. मी आईला म्हटलं, अगं, ताप उतरून जमाना झाला. ती म्हणाली, ‘येऊ दे तिला. मी कपाळाला हात लावून बघते.’

तुझाच, फ्रीजला हात लावायची बंदी असलेला,
दादा